खापरपणजोबांची ओळ मोडी लिपीत सापडली

महोदय,
आमचे खापरपणजोबा गावचे लोहार होते, एवढेच घरात ठाऊक होते. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वहीत त्यांचे नाव निघाले, भावांचीही नावे. मग तहसील कचेरीतली एकोणिसाव्या शतकातली कोतवाल बुके, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, चाळली. मोडी जाणणारे एक निवृत्त गुरुजी सोबत आले, म्हणूनच मृत्यूची नोंद लागली. नावापुढे ‘लोहार’ वाचताना डोळे भरून आले. बलुत्यावर गावाचे फाळ, विळे पाजवणाऱ्या माणसाची लेखी खूण बहुधा एवढीच.

पण पाने हातातच चुरत होती. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या मागणीनंतर कुणबी नोंदींसाठी अशी दप्तरे राज्यभर उघडली गेली. त्याच तातडीने प्रत्येक पान स्कॅन करून, मोडीच्या लिप्यंतरासह सर्वांसाठी खुले करावे.

– एक वाचक, सातारा