कचरागाडी दोन मिनिटं जास्त थांबू द्या : इंदूरच्या महापौरांना खुलं पत्र

मा. महापौर महोदय,
इंदूर नगर निगम

सप्रेम नमस्कार.

मी लोकमान्य नगरात राहते. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मुलगा पुण्याला, मुलगी बंगळूरला. पत्राचं निमित्त आहे आपली कचरागाडी. तक्रार नाही, हे आधीच सांगते.

सकाळी पावणेआठला कोपऱ्यावर गाण्याचा आवाज आला की आमच्या गल्लीतली सगळी दारं एकदम उघडतात. कोणी गाउनवर, कोणाच्या गालाला दाढीचा साबण तसाच. ओला इकडे, सुका तिकडे. तेवढ्यात समोरच्या वहिनी विचारतात, "रात्री दोनपर्यंत लाइट होता, झोप नाही का आली?" कोणी सांगतं, मेथी स्वस्त झाली. कोणाच्या नातवाला दात आलेला असतो. दीड-दोन मिनिटांत गाडी पुढे सरकते आणि दारं लागतात. माझ्यासारख्या कितीतरी जणांचं त्या दिवसाचं समोरासमोरचं बोलणं तिथंच संपतं. मग दिवसभर टीव्ही आणि रात्री नऊला मुलांचा व्हिडिओ कॉल.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. गाडीवरची ताई डबा घेता घेता मला म्हणाली, "माँजी, वो हरे गेट वाले बाबूजी दो दिन से नहीं दिखे." ही गोष्ट तिच्या लक्षात आली होती. आमच्यापैकी कोणाच्याच नाही, आणि मी तर दोन घरं सोडून राहते. आम्ही तिघीजणी गेलो, कडी वाजवली. बऱ्याच वेळानं दार उघडलं. अंगात ताप, पायात मोजे, ओट्यावर न धुतलेलं एकच कपबशीचं जोडपं. "काका, बरं नाही का?" म्हटलं, तर त्यांच्या घशातून आवाजच फुटेना. खाकरून म्हणाले, "परवापासून बोललोच नाही ना कोणाशी, म्हणून असं होतंय." ताप चार दिवसांत उतरला. ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

माझं लहानपण रामबागेत गेलं. तिथं घरापुढे बसायला ओटला, म्हणजे ओटा, असायचा. शेंगा सोलायच्या ओटल्यावर, पाढे म्हणायचे ओटल्यावर, नणंद-भावजयीचं भांडण व्हायचं तेही तिथंच आणि मिटायचं तेही तिथंच. कोणाला भेटायला म्हणून कोणी जात नसे, भेट आपोआप होत असे. आता ओटल्याच्या जागी गाडीचं पार्किंग आणि त्यापुढे उंच लोखंडी गेट. त्यात कोणाची चूक नाही, गाड्या कुठंतरी लावायलाच हव्यात. पण येता-जाता बसायची ती जागा गेली आणि तिच्या बदल्यात दुसरं काही आलं नाही.

आपल्याकडे सानंद या मराठी संस्थेची नाटकं होतात, गणपती असतात, रंगपंचमीला राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग खेळणारी मिरवणूक, निघते तेव्हा अख्खं शहर रंगून जातं. यातलं काहीही कमी व्हावं असं मला वाटत नाही. पण हे सगळं महिन्या-वर्षातून एकदा येतं. एकटेपणा रोजचा असतो, दुपारी अडीच वाजताचा असतो.

म्हणून आपल्याला लिहिते आहे, कारण लाखो लोकांची रोजची सवय बदलता येते हे या शहरानं करून दाखवलंय. २०१७ मध्ये देशभरातल्या शहरांच्या स्वच्छ सर्वेक्षणात आपण पहिले आलो आणि मग वर्षानुवर्षं तो नंबर सोडला नाही. ते नुसत्या भाषणांनी झालं का? रस्त्यावरच्या कचरापेट्या उचलल्या, गाडी ठरल्या वेळी दारात यायला लागली, मग माणसं बदलली. आधी सोय आली, मागून सवय लागली. शेजाऱ्यांशी बोलत जा, असं सांगून कोणी बोलणार नाही. बोलणं घडेल अशी जागा आणि वेळ हवी.

हा काही म्हातारीचा हळवेपणा नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी १९३८ पासून ७२४ पुरुषांची आयुष्यं वर्षानुवर्षं तपासली. पन्नाशीत ज्यांना आपल्या नात्यांत समाधान होतं, ते ऐंशीव्या वर्षी जास्त धडधाकट निघाले. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही हे समाधान पुढचं जास्त सांगून गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा ग्रासतो, असं म्हटलंय. आपल्याच मध्य प्रदेशानं २०१६ मध्ये आनंद विभाग काढला, देशातला पहिला. म्हणजे माणसांचा आनंद हे सरकारचं काम आहे, हे आपण मान्य केलेलंच आहे.

मला सगळ्यात भिडलं ते झिम्बाब्वेचं उदाहरण. तिथं मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच. डिक्सन चिबांडा या डॉक्टरांनी २००६ मध्ये हरारेत चौदा आज्यांना हाताशी धरलं, त्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसवलं. खचलेलं माणूस येऊन आजीशेजारी बसतं, आजी ऐकते, मग दोघं मिळून अडचणीतून वाट काढतात. मनाच्या त्या दुखण्याला तिकडच्या भाषेत 'फार विचार करणं' अशा अर्थाचा शब्द आहे, आणि आज्या तोच वापरतात. २०१६ मध्ये त्याची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. बाकावर बसलेल्यांची उदासी नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा बरीच कमी झाली होती. एक बाक आणि एक आजी. आमच्या गल्लीत आज्या अकरा आहेत. बाक नाही.

तर मागणं एवढंच. ८५ वॉर्डांपैकी एका वॉर्डात करून बघा. गल्लीच्या ठरलेल्या थांब्यावर गाडी दोन मिनिटं जास्त उभी राहू द्या, आणि तो वेळ चालकाच्या नावावर उशीर म्हणून लागू नये. गाडी उभी असताना भोंग्याचा आवाज कमी करा, शेजारचं बोललेलं ऐकूच येत नाही. गाडीवरच्या ताई-दादांना एखादं दार दोन दिवस उघडलेलं दिसलं नाही, तर त्यांनी कोणाला सांगायचं ते ठरवून द्या. लक्ष त्यांचं असतंच, पण आज ते सांगणार कोणाला?

आणि त्या थांब्यावर बाक द्या. यात मात्र घाई नको. बागेत असतात तसे बिनपाठीचे सिमेंटचे कट्टे नकोत, गुडघे दुखणाऱ्याला त्यावरून उठता येत नाही. पाठ हवी, दोन्ही बाजूंना हात हवेत, आणि सावली हवी, कारण एप्रिलपासून इथं सिमेंटला हात लावता येत नाही. एका रांगेत रस्त्याकडे तोंड करून बाक लावू नका, दोन बाक समोरासमोर ठेवा. रांगेत बसलेली माणसं रस्ता बघतात, समोरासमोर बसलेली बोलतात. शाळेत वर्गातली बाकं फिरवून हे मी अनेकदा पाहिलंय.

हिरव्या गेटवाले काका आता पावणेआठच्या आधीच घडीची खुर्ची घेऊन बाहेर येतात. गाडी गेल्यावरही अर्धा तास बसतात. मी माझा चहा तिकडेच नेते. खुर्ची एकच आहे, म्हणून मी उभी असते.

आमच्या गल्लीत कडुलिंबाखाली, विजेच्या खांबाच्या अलीकडे जागा आहे. मी टेपनं मोजली. लांबी साडेसात फूट, रुंदी सहा. रहदारीला अडचण होत नाही. आपण एखाद्या सकाळी येऊन पाहावी, ही विनंती.

आपली,
लोकमान्य नगरातली एक निवृत्त शिक्षिका