आजींच्या चालीने चाललात, म्हणून

आदरणीय सर,

आमच्या चर्चच्या स्वयंसेवकांना तुम्ही दिलेलं सुरक्षेचं प्रशिक्षण संपून महिना होत आला. त्या दिवशी आभाराचे चार शब्द बोलायला उभा राहिलो आणि घसाच दाटून आला, तसाच खाली बसलो. ते आता लिहितोय.

तुमच्याआधी आमच्या चर्चमध्ये जे 'सुरक्षातज्ज्ञ' येऊन गेले, त्यांच्याबद्दल तुम्ही एक वाकडा शब्द काढला नाहीत. मी काढणार आहे. गृहस्थांनी काळा गॉगल उपासनेच्या जागेतही उतरवला नाही. टेक्सासमधल्या व्हाइट सेटलमेंटच्या चर्चमधला २९ डिसेंबर २०१९ चा व्हिडिओ चार वेळा दाखवला: हल्लेखोर उठतो, गोळ्या झाडतो, सहा सेकंदांत आडवा होतो. समोर संडे स्कूलची पोरं बसलेली! मग कॅमेऱ्यांचं कोटेशन. अनुभव विचारला तर व्हिजिटिंग कार्ड पुढे केलं. चूक आमचीही आहे. याआधी कुठे काम केलंत, कुणाला फोन करून खात्री करू, हे चर्चचा कारभार बघणाऱ्या आम्हा पंचांपैकी एकानेही विचारलं नाही. घराला रंग द्यायचा तरी माणूस दहा ठिकाणी चौकशी करतो.

तुम्ही पहिल्याच बैठकीत तीन चर्चचे नंबर दिलेत. "आधी त्यांना विचारा. माझं कुठे चुकलं तेही सांगतील." आगीचा विषय निघाला तेव्हा, "ते माझं काम नाही, अग्निशमनवाल्यांना बोलवा," म्हणालात. उभी हयात पोलिसात काढलेला माणूस इतक्या सहज 'हे मला येत नाही' म्हणतो, हे ऐकून पाळकसाहेब माझ्याकडे बघून नुसते हसले. तिथेच तुमची निवड झाली.

त्या व्हिडिओबद्दल तुम्ही एवढंच म्हणालात, की तेवढ्यातही दोन जीव गेलेच. आणि शिकण्यासारखं आहे ते गोळीच्या आधीचं. खोटे केस, लांब कोट पाहून तिथल्या स्वयंसेवकांनी त्याच्यावर अगोदरपासून नजर ठेवली होती. मग २०१९ च्याच ईस्टरला श्रीलंकेतल्या बट्टिकलोआच्या झायन चर्चमध्ये पाठीवर बॅग घेऊन आलेल्याला बाहेरच अडवणारे रमेश राजू. त्यांचा तिथेच जीव गेला, आतली बरीच माणसं वाचली. हे सांगताना तुमचा आवाज अगदी खाली आला होता.

हल्ल्यापेक्षा उपासनेत कुणी कोसळण्याचीच वेळ जास्त येते, म्हणून नर्सबाईंना बोलावून मिनिटाला १०० ते १२० वेळा छाती दाबायची लय आमच्या हातात बसवलीत. तेही विसरणार नाही.

पण मला सांगायचंय ते आजींचं. तिसऱ्या बाकावरच्या, काठीवाल्या. "आजी, कडेच्या दाराने बाहेर पडायचं झालं तर? चला, मी येतो." तुम्ही त्यांचा हात धरला नाहीत, कोपर पुढे केलंत. त्यांच्याच चालीने निघालात. वाटेत दुमडलेली सतरंजी. दाराला टेकून रचलेल्या खुर्च्या. वर गंजलेली कडी. दार उघडेपर्यंत पावणेचार मिनिटं गेली. आजी ओशाळल्या, "माझ्यामुळे वेळ लागला हो." तुम्ही म्हणालात, "तुमच्यामुळे नाही, दारामुळे." आणि कोट काढून खुर्च्या हलवायला लागलात. नवीकोरी जॅकेटं घातलेले आम्ही अकरा स्वयंसेवक बघत उभे!

इतकी वर्षं आम्ही आजींना "तुम्ही बसा, आम्ही आहोत ना" एवढंच सांगत आलो. त्यांच्या बाकापासून दार किती लांब आहे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माणुसकी म्हणजे काय यावर मी मंडळीपुढे दोनदा तरी बोललोय, सर. आता जरा लाज वाटते.

कडीला तेल घातलंय. दर रविवारी घंटेआधी आजी स्वतः जाऊन ती सरकवून बघतात. परवा कुणीतरी तिथे फुलांचा स्टँड ठेवला होता. आजींनी काठीने तो बाजूला ढकलला आणि ज्याने ठेवला त्याला शोधून काढून सगळ्यांदेखत झापलं.

आपला,
पंचांपैकी एक