चि. मनूस, पिल्लाचे पैसे पाठवण्याआधी

मिरज, सोमवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास, तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज चढतो आणि मुद्दा बाजूलाच राहतो, म्हणून हे कागदावर लिहून त्याचे फोटो तुला पाठवतो आहे. सवडीने, पण आजच वाच. कुत्र्याचे पिल्लू आणू नकोस असे मी म्हटलेले नाही आणि म्हणणारही नाही. माझे सांगणे एवढेच आहे की ते पिल्लू विकणाऱ्या त्या माणसाला यापुढे एक रुपयाही पाठवू नकोस.

तू सांगितलेस ते सारे मी रात्री पुन्हा एकदा जुळवून पाहिले. इन्स्टाग्रामवर बीगल जातीच्या कुत्र्याचे ४५ दिवसांचे पिल्लू दिसले आणि त्याची किंमत ८,००० रुपये सांगितली गेली. जातिवंत बीगल एवढ्या कमी किमतीला कोणी देत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. पण आपण लष्करात असून लेहला बदली झाल्यामुळे नाइलाजाने पिल्लू देत आहोत, असे त्याने सांगितल्यावर ती किंमत तुला पटली. बघायला येते म्हणालीस तर छावणीत बाहेरच्या माणसांना सोडत नाहीत, असे उत्तर आले. तू इसार म्हणून २,५०० रुपये पाठवलेस आणि दुसऱ्याच दिवशी विमानाच्या पिंजऱ्यासाठी ६,५०० मागितले गेले, तेही पिल्लू हाती पडताच परत मिळणार या बोलीवर.

मनू, या फसवणुकीचा क्रम ठरलेला असतो. पिंजऱ्यानंतर विमा येतो, विम्यानंतर आरोग्य प्रमाणपत्र येते आणि प्रत्येक रक्कम ‘परत मिळणारी’ असते, कारण आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरतो, हे त्यांना पक्के माहीत असते. मग एके संध्याकाळी कुरिअरवाला म्हणवणारा कोणी फोन करून सांगतो की पिल्लू विमानतळावर अडकले आहे, सकाळपासून उपाशी आहे आणि तासाभरात पैसे आले नाहीत तर प्राण्याला वाऱ्यावर सोडल्याची तक्रार तुमच्यावरच होईल. मला खरी भीती त्या फोनची वाटते. पिल्लू उपाशी आहे असे कोणी सांगितल्यावर तू हिशेब करत बसणार नाहीस, हे मला माहीत आहे. सैनिकाचा वेशही असाच विचारपूर्वक निवडलेला असतो. जवानाला उलट प्रश्न विचारायला आपल्याकडे माणसे कचरतात आणि त्याचाच फायदा घेऊन हे लोक खऱ्या जवानांच्या ओळखपत्रांचे फोटो मिळवून पुढे करतात. त्या कार्डावरचा माणूस खरा असेलही, पण तुझ्याशी बोलणारा तोच आहे कशावरून?

आता मुख्य गोष्ट सांगतो. तू पाठवलेला लसीकरणाच्या पुस्तिकेचा फोटो मी मोठा करून पाहिला. नोकरीची सारी वर्षे जनावरांच्या दवाखान्यात घालवलेल्या माणसाला तो कागद खरा वाटणे शक्य नाही. लस टोचली की बाटलीवरचे लेबल सोलून त्या रकान्यात चिकटवतात. त्यावर बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली असते, शेजारी डॉक्टरांची सही असते आणि शिक्क्यात त्यांचा नोंदणी क्रमांक असतो. या पुस्तिकेत एकही लेबल नाही. सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिल्यासारख्या आहेत, शिक्क्यावर नुसते ‘पेट क्लिनिक’ एवढेच आहे आणि ४५ दिवसांच्या पिल्लाला रेबीजची लस दिल्याची नोंद आहे. रेबीजची लस साधारणपणे ३ महिन्यांच्या पुढे देतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, त्यानंतर तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या मात्रा आणि मग रेबीज असा तो क्रम आहे. हे लिहिणाऱ्याने पिल्लाला लस टोचताना कधी पाहिलेलेही नसावे.

आणखी एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली आहे. बदली झाली म्हणून घरचे एकुलते पिल्लू देणाऱ्या या माणसाच्या पानावर खाली गेल्यावर स्टार कासवही विकायला ठेवलेले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे ते कासव पाळणे आणि विकणे, दोन्ही गुन्हा आहे. (दादाच्या धाकट्याला पोपट हवा आहे म्हणे. आपला साधा हिरवा पोपटही त्याच कायद्यात येतो, हे वहिनीला तूच सांग, माझे ती मनावर घेत नाही.)

खरसुंडीचा जनावरांचा बाजार तुला आठवतो का? तू माझ्या खांद्यावर बसून आली होतीस आणि खिलार बैलांच्या शिंगांचे रंगीत गोंडे मोजत होतीस. आजोबांनी त्या दिवशी एका खोंडाभोवती किती फेऱ्या मारल्या असतील! जबडा उघडून दुधाचेच दात असलेला आदत आहे की दोन पक्के दात आलेला दुसा हे पाहिले, खूर उचलून पाहिले, पाठीवर हात फिरवून कातडी थरथरते का ते पाहिले, चालवला, वळवला, बसवून उठवला. मग हेड्याने, म्हणजे दलालाने, रुमाल टाकला, रुमालाखाली बोटांनी भाव ठरला, चार माणसांच्या देखत इसार दिला गेला, बाजार समितीची पावती फाटली आणि त्यानंतर दावे हातात आले. पावतीची घडी घालून कोपरीच्या खिशात ठेवताना आजोबांनी तुला विचारले होते, ‘आवडला का गं?’ आणि तू म्हणाली होतीस, ‘याची आई कुठे आहे?’ हेड्यासकट सगळे हसले. पण आजोबा हसले नाहीत. याची आई कोणाच्या गोठ्यात आहे, हे त्यांनी त्या हेड्याला खरोखरच विचारले आणि त्या गोठ्यावर जाऊन आल्याशिवाय खोंड घरी आणला नाही.

मला तुला आजोबांबद्दल सांगायचे नव्हते, पण लेखणी तिकडेच वळली. मी सांगत होतो की आधी जनावर, मग इसार. तू इसार आधी दिलास. यात तुला बोल लावण्याचा हेतू नाही. आत्याच्या पेन्शनचा अडकलेला कागद तू पुण्यात बसून सोडवलास, या घरात फोनवरून पैसे कसे पाठवायचे ते आम्हा दोघांना तूच शिकवलेस आणि हिंजवडीत तुझ्या हाताखाली माणसे काम करतात, हे मी बाजारात भेटेल त्याला सांगत असतो. अशी मुलगी फसते ती बुद्धी कमी पडते म्हणून नव्हे. आपला कुत्रा खंड्या गेल्यापासून तू घरी आलीस की अजूनही मागच्या पायरीकडे बघतेस. त्यातच त्या प्रकरणानंतर तू एकटी राहते आहेस आणि संध्याकाळी कुलूप उघडून रिकाम्या घरात शिरणे किती जड जात असेल, ते तू सांगत नसलीस तरी तुझ्या आईला कळते. त्या विषयात मी पडणार नाही असे मी कबूल केले होते, म्हणून इथेच थांबतो. एवढेच म्हणतो की माणसाला सोबतीची घाई झालेली असली की ती घाई समोरच्याला लगेच कळते आणि हे लोक नेमके तेच हेरून असतात. त्यांना पैसे पाठवू नकोस.

हे भाषण झाले, मला कळते आहे. तू वाचता वाचता भुवया उंचावल्या असतील. माफ कर, पण पुढचे थोडे वाच, कारण ते उपयोगाचे आहे.

आज रात्रीच त्याला व्हिडिओ कॉल करायला सांग. पिल्लू नुसते दाखवले तर पुरणार नाही, आधी करून ठेवलेले चित्रणही दाखवतात. पिल्लाला उलटे धरून पोट दाखवा, त्याला आईजवळ न्या, असे तू सांगशील ते त्याने तिथल्या तिथे केले पाहिजे. आईची कास बघ. दीड महिन्याच्या पिल्लांच्या आईची कास पिल्लांनी ओढून लोंबलेली असते, ती खोटी करता येत नाही. तो माणूस नेटवर्क नाही म्हणेल किंवा कॉल कापेल, आणि त्यातच तुला उत्तर मिळेल. पिल्लाचा फोटो गूगल लेन्समध्येही टाकून बघ, तोच फोटो दुसऱ्याच कोणाच्या पानावर जुन्या तारखेने सापडण्याचा संभव फार आहे. विमानाने खरोखर माल निघाला असेल तर एअर वे बिलाचा, म्हणजे विमानाने माल पाठवल्याच्या पावतीचा, क्रमांक असतो आणि तो घेऊन विमान कंपनीकडे थेट चौकशी करता येते. त्याने दिलेल्या क्रमांकावर फोन करून ती करू नकोस, तिथे त्याचाच माणूस बसलेला असतो.

कायद्याचेही थोडे माहीत असू दे. श्वान प्रजनन आणि विक्रीचे केंद्राचे नियम २०१७ सालापासून लागू आहेत. पैदास करणाऱ्याची नोंदणी राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे असावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. ४५ दिवस म्हणजे साडेसहा आठवडेही होत नाहीत. ‘४५ दिवसांचे, न्यायला तयार’ अशा जाहिराती सर्रास दिसतात म्हणून ते योग्य ठरत नाही. आईजवळ आणि भावंडांत राहायचे ते दिवस तोडले की पिल्लू पुढे भित्रे तरी होण्याचा संभव असतो किंवा चावरे तरी. जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे प्रमाणपत्र दाखवले तर त्यावरचा, कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपचा क्रमांक बघ, आणि डॉक्टरांकडे पिल्लाच्या मानेवर यंत्र फिरवून तोच क्रमांक उमटतो का ते पाहा. एकच कागद दहा जणांना दाखवता येतो, चिप एकाच पिल्लात असते.

पिल्लू समोर आल्यावर काय पाहायचे, ते तू लहानपणापासून माझ्यासोबत पाहिले आहेस. हिरड्या गुलाबी हव्यात, डोळे कोरडे आणि स्वच्छ हवेत, शेपटीखालची जागा माखलेली नको, बेंबीशी गाठ नको. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यावर तीन ते सात दिवस काहीच दाखवत नाही. विकताना उड्या मारणारे पिल्लू आठवड्याच्या आत रक्ताची हगवण लागून जाते आणि विकणारा फोन उचलत नाही. अशी पिल्ले पदराखाली झाकून आणणारी माणसे मी दवाखान्याच्या बाकावर पाहिली आहेत, ते दुःख तुझ्या वाट्याला येऊ नये. पैदास करणाऱ्याच्या घरी जाऊन आई आणि भावंडे बघायची आणि तिथून थेट तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे न्यायचे. पुणे महापालिकेचा परवाना नंतर काढावा लागेल, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो.

बीगलच हवा असा हट्ट नसेल तर दुसराही मार्ग आहे. कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे मुधोळ जातीची पिल्ले मिळतात आणि मिरजेहून ते फार लांबही नाही. पण मुधोळला पळायला माळ लागतो, तिसऱ्या मजल्यावरच्या तुझ्या दोन खोल्यांत त्याचे हाल होतील. त्यापेक्षा पुण्यातल्या एखाद्या निवारा केंद्रातून गावठी पिल्लू आणलेस तर माझे मन अधिक निश्चिंत राहील. खंड्या तरी कुठे जातिवंत होता? मात्र ‘पिल्लू फुकट, फक्त गाडीभाडे आधी पाठवा’ असे म्हणणारे तिथेही असतात. पैसे पाठवू नकोस.

गेलेल्या २,५०० रुपयांसाठी १९३० या क्रमांकावर आजच फोन कर आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदव. जितक्या लवकर कळवशील तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, त्याच्याशी झालेले सगळे बोलणे आणि त्याचे पान यांचे स्क्रीनशॉट काढून ठेव, मगच त्याला ब्लॉक कर. तो पैसे परत करण्याच्या निमित्ताने क्यूआर कोड पाठवेल. तो स्कॅन करू नकोस. पिन टाकावा लागतो तो आपल्या खात्यातून पैसे जाताना, येताना कधीच लागत नाही. आणि तुमचे पैसे काढून देतो, थोडी फी भरा, असे सांगणारा कोणी पुढच्या आठवड्यात भेटला तर तोही त्याच टोळीतला समज.

शनिवारी मी कोयना एक्स्प्रेसने येतो. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट बांधून ठेवले आहे. रविवारी आपण दोघे मिळून दोन-तीन ठिकाणी पिल्ले बघू. तुला माझे येणे नको असेल तर तसे कळव, मी रागावणार नाही. बिनशर्त सांगतो, पसंती तुझीच राहील. मी फक्त दात आणि हिरड्या बघेन.

काल रात्री तू आणखी पैसे पाठवलेस का, एवढे आधी कळव. पाठवले असलेस तरी कळव.

तुझे,
बाबा

ता. क. आई म्हणते, पिल्लाला पहिले काही दिवस रात्री एकटे झोपवू नकोस, ते रडते. तिला वाटते की त्या माणसाकडे खरेच पिल्लू आहे. मी तिला अजून सगळे सांगितलेले नाही. त्याचा फोन आज उचलू नकोस.