अण्णांच्या रिकाम्या पट्ट्या

रामबाग, इंदूर
१२ ऑगस्ट

प्रिय सुलू,

मी विभागप्रमुख झाल्याचं तुला कळलं आणि त्याच पत्रात भावोजींना स्टेंट बसवल्याचं तू लिहिलंस. अभिनंदन राहू दे. 'तू नक्की करतेस तरी काय?' असं विचारलंस ना, म्हणून अण्णांचं सांगते. तुला ते पूर्ण कधी सांगितलंच नव्हतं.

अण्णांना स्टेंट बसला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून क्लोपिडोग्रेल ही गोळी सुरू झाली. पाच महिन्यांत स्टेंटमध्ये रक्ताची गुठळी. "गोळ्या चुकवल्यात का?" डॉक्टरांनी आधी हेच विचारलं. आणि मी, औषधशास्त्र शिकवणारी मुलगी, सगळ्यांदेखत त्यांच्यावर चिडले. ते गप्प राहिले. घरी आल्यावर फडताळातला बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत सगळ्या रिकाम्या पट्ट्या, प्रत्येकीवर पेनने तारखा. एक दिवस गाळलेला नव्हता गं.

क्लोपिडोग्रेल पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते. यकृतातलं सीवायपी२सी१९ हे एन्झाइम तिला कामाचं रूप देतं. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असल्या, तर रोज गोळी घेऊनही गुठळी करणाऱ्या प्लेटलेट पेशी पुरेशा आवरत नाहीत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१० मध्येच तसा ठळक इशारा माहितीपत्रकात घालायला लावला होता. अण्णांची तपासणी मी नंतर करवली. दोन्ही प्रती निकामी. गुठळी केवळ त्यानेच झाली असं छातीठोकपणे म्हणणार नाही, मधुमेहही होता. पण दोष त्यांचा नव्हता. मग त्याच कामाची दुसरी गोळी, टिकाग्रेलर, दिली. तिला या एन्झाइमची गरज लागत नाही.

हे निकामी प्रकार आपल्याकडे युरोपपेक्षा जास्त आढळतात, आणि औषधांच्या मात्रा ठरल्या त्या बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांवरच्या अभ्यासांतून. टीबीच्या आयसोनियाझिडचंही तसंच: कुणाचं शरीर ती झटपट निकामी करतं, कुणाचं सावकाश, हे १९५० च्या दशकापासून माहीत आहे. म्हणून विभागाचं पहिलं काम मी हेच धरलंय, आपल्या माणसांची जनुकं आणि आपल्या माणसांच्या गोळ्या.

भावोजींना कुठली गोळी आहे ते कळव. क्लोपिडोग्रेल असेल तर त्यांच्या डॉक्टरांना या तपासणीबद्दल विचार. रक्ताचा किंवा लाळेचा नमुना पुरतो, आणि ती जन्मात एकदाच करायची. तोवर एकही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नव्या स्टेंटला तोच मोठा धोका. आणि त्यांना उगाच टोकू नकोस.

रात्री नऊनंतर फोन कर. मी जागीच असते.

तुझी,
मंदा