माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

मी उत्तर सोलापूर तालुक्यातला शेतकरी. विहिरीवर दोन एकर कांदा, बाकी रानात ज्वारी. शेतीची लाईट रात्री येते, म्हणून गेली तीस वर्षे मी रात्रीची दारे धरत, म्हणजे पिकाला पाणी देत, आलो आहे. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात खोरे, पायात गमबूट आणि वाफ्याच्या कडेला घोणस तर नाही ना ही धास्ती. त्यामुळे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा लाईट मिळणार असेल तर ती मला हवीच आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढचे वाचून कुणी मला सौरऊर्जेचा विरोधक समजू नये.

माझे म्हणणे जागेबद्दल आहे. या योजनेत सौर प्रकल्पासाठी खासगी जमीन दिली तर वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडे मिळते. सरकारी जमीन त्याहून सोपी, आणि सरकारी म्हटले की पहिले बोट जाते गायरानाकडे, माळाकडे. कागदावर तो माळ ‘पडीक’ असतो. केंद्र सरकार देशातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे काढते, त्यांतही झुडपी माळाची गणती पडीकातच होते.

यंदा चैत्रात शेजारच्या गावच्या गायरानावर मोजणी झाली. मी तिथेच होतो. चुन्याच्या खुणा मारून झाल्यावर मोजणी करणाऱ्यांतल्या एकाने विचारले, “इथं तसं काहीच नाही ना?” तो उभा होता तिथून दहा पावलांवर माळटिटवीची चार अंडी होती. काड्यांचे घरटे नाही, आडोसा नाही, नुसती खड्यांमध्ये ठेवलेली, खड्यांच्याच रंगाची. पक्षीण डोक्यावरून ओरडत फिरत होती. मी बोट दाखवले तरी त्याला ती दिसेनात, शेवटी खाली बसून दाखवावी लागली. बिचाऱ्याचा दोष नाही. माळावर बघायचे कसे, हे त्याला कुणी शिकवलेलेच नाही.

पावसाच्या पहिल्या दोन झडींनंतर याच माळावर पवना आणि मारवेल ही गवते गुडघ्याएवढी होतात. आश्विनात कुसळी गवत पिकते आणि धोतराला चिकटते. धनगरांची मेंढरे इथे चरतात, रात्री वाघूर म्हणजे जाळीचे कुंपण लावून बसतात, आणि पेरणीआधी आमच्याच रानात बसवली की वर्षाचे खत होते. लांडगा इथलाच, खोकड इथलेच, काळवीट इथलेच. लांडगा वर्षाकाठी एखादे कोकरू नेतो आणि धनगर ते सोसतो. माळाला कुंपण पडले तर मेंढरे कुठे जाणार आणि लांडगा कुठे जाणार, याचा एक कागदही या प्रकल्पांच्या फाइलीत नसतो. कारण प्रकल्पाआधी असे परिणाम तपासायला लावणारी २००६ ची पर्यावरण परिणाम अधिसूचना सौर प्रकल्पांना लागूच होत नाही.

जागा न बघता कागदावर रेघ मारणे आमच्या भागाला नवे नाही. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झाले. सोलापूर आणि तेव्हाचा अहमदनगर जिल्हा मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे, बागायती, बाजारपेठा सगळेच आले. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पाखरावरच चिडले. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले, ते रास्तच झाले. पण तोवर हूम जवळजवळ गेला होता. आमच्याकडे माळढोकाला हूम म्हणत. वडिलांनी मला लहानपणी दाखवलेला नर अजून डोळ्यांपुढे आहे. गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर उलटी टाकून तो पावसाळी उजेडात उभा होता आणि त्याचा आवाज कानाला ऐकू येण्याआधी छातीत जाणवला होता. आता एखादा दिसला तर पेपरात बातमी येते.

हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो, वजनाने जड, समोरचे त्याला नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारा चुकवता येत नाहीत. थरच्या वाळवंटात तारांना धडकून वर्षाला १८ माळढोक मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. देशात सगळे मिळून दीडशेच्या आत उरलेले असताना! सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितले, मार्च २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या झळांपासून संरक्षण हा नागरिकांचा हक्क मानला. मला दोन्ही पटते. फक्त तो प्रश्न राजस्थानचा म्हणून आपण बाजूला ठेवू नये.

आणखी एक. २०१६ पासून चार वर्षे राज्यात कोट्यवधी झाडांच्या मोहिमा झाल्या, शेवटच्या वर्षी ३३ कोटींची. आमच्याकडे खड्डे माळावरच पडले आणि त्यांत गिरिपुष्प लागले. त्याच्या सावलीत गवत मेले. माळ उजाड दिसला म्हणून हिरवा करायला गेलो. गवत आपला कार्बन मुळांत, मातीखाली साठवते, ते वरून दिसत नाही एवढेच. आता त्याच माळावर पॅनल येणार.

सौर पॅनल लावायला जागा नाही असे नाही. सांगली-कोल्हापूरकडे उसाने क्षारपड झालेले हजारो एकर रान पडून आहे. गुजरातेत २०१२ मध्येच नर्मदेच्या कालव्यावर पॅनल बसले. बाजार समित्यांची, कारखान्यांची, शाळांची छपरे आहेत. माझ्यासारख्याच्या बांधालगतचे मुरमाड रान हेक्टरी सव्वा लाखाच्या दराने कोण देणार नाही? हे सगळे संपल्यावर माळाकडे या. आणि येताना आधी एक पावसाळा आणि एक उन्हाळा तिथे काय राहते ते मोजा, धनगरांना विचारा, ग्रामसभेपुढे तो कागद वाचा.

शेजारच्या गायरानावर खुणा मारल्या आहेत, खांब अजून रोवलेले नाहीत. जिल्हा प्रशासनाने निदान आश्विनापर्यंत थांबावे. तेव्हा कुसळी पिकलेली असेल, मेंढरे माळावर असतील, आणि दाखवायला मी स्वतः बरोबर येईन.

आपला,
एक शेतकरी वाचक, उत्तर सोलापूर