यादीत वऱ्हाडही येऊ द्या

रविवारच्या पुरवणीत वाचकांनी सध्या काय वाचलं अन् पुढं कोणत्या पुस्तकांची वाट पाहताहेत ती यादी आली, आवडली, पण त्यात वऱ्हाडातलं एकही पुस्तक नाही हे फार खटकलं. उद्धव शेळकेंची 'धग' ही कादंबरी १९६० ची, सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला तर २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, दोन्हींतली माणसं आमच्याच बोलीत बोलतात. कापूस वेचून झाला की इथंही निवांत वाचन होतं, मी या उन्हाळ्यात 'धग' तिसऱ्यांदा वाचली, तिच्यातल्या नायिकेच्या, कौतिकच्या घरातून उठवतच नव्हतं. नव्या पुस्तकांची वाट आम्हीही पाहतो पण ती तालुक्याला मिळत नाहीत, तेव्हा पुढच्या यादीत इकडचे लेखक घ्या अन् सोबत किंमत, प्रकाशकाचा पत्ताही छापा, पोस्टानं मागवता येतील.

– एक वाचक, जि. यवतमाळ