आधी एक रंग पुरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चित्रकलेच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हाती तैलरंगांच्या बारा ट्यूबा आणि मोबाइलवरचा एखादा फोटो दिला जातो, हे पाहून मला मनापासून वाईट वाटतं. ३० वर्षं चित्रकला शिकवली, म्हणून आग्रहाने लिहिते. व्यक्तिचित्राकडे वळण्याआधी प्लास्टरचा अर्धपुतळा समोर ठेवून एकाच रंगात रंगवायला हवा. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग आणि तो उजळायला टायटॅनियम व्हाइट हा पांढरा, बस्स.

पुतळा हलत नाही, दमत नाही, आणि सगळा एकाच रंगाचा असतो. त्यामुळे डोळ्यांना एकच काम उरतं, कुठे किती उजेड आणि कुठे किती अंधार ते ओळखायचं. दिवा मात्र एकच हवा, तोही एका बाजूने.

माझी एक विद्यार्थिनी हनुवटीपाशी अडली होती. टेबलावरच्या पांढऱ्या कापडावरून परतलेला उजेड जबड्याखाली पडला होता. भोवती अंधार, म्हणून तिला तो लख्ख वाटला आणि तिने तो कपाळाइतकाच पांढरा केला. जबडा पार सपाट झाला. मी फक्त डोळे बारीक करून बघायला सांगितलं. थोड्या वेळाने तिनेच ते ओलं पांढरं चिंधीने टिपून काढलं, खालचा अंबर जरासा वर आला आणि जबडा गोल वळला. ती कितीतरी वेळ नुसती बघत उभी होती.

अंबरच का, असं मुलं विचारतात. त्यात मँगॅनीज असतं, म्हणून तो लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग वाळायला रेंगाळतो, शिवाय पांढऱ्यात मिसळला की निळसर दिसतो.

ही पद्धत कंटाळवाणी, असं पालकांना वाटतं. चित्रकार यान व्हान आइकने १४३२ साली पूर्ण केलेल्या, बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या चर्चच्या वेदीचित्राची दारं मिटली, की बाहेरून दोन संत दिसतात. करड्या रंगात रंगवलेले, थेट दगडी पुतळेच वाटावेत असे! त्यात कंटाळवाणं काय आहे?

वर्ग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, पहिला महिना तरी रंगांची पेटी बंद ठेवा. पुतळा नसेल तर पांढरं अंडं ठेवा, पण फोटो नको. फोटोत सावलीचा भाग बऱ्याचदा एकजात काळा येतो, आणि हनुवटीखालचा तो परतलेला उजेड मुलांना दिसतच नाही.

– एक निवृत्त कलाशिक्षिका